एकच आयडीई की ज्या कामाला ते टूल? सात जणांच्या टीमसाठी माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची सात जणांची टीम, द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर बनवते: पेटी कुठल्या बागेतून आली, कधी पॅक झाली, कुठल्या कंटेनरमध्ये चढली. सर्व्हर जावात, स्प्रिंग बूट या तयार चौकटीवर. स्क्रीन अँग्युलरमध्ये. डेटाबेस पोस्टग्रेस. पॅकहाउसमधल्या मुलांच्या हातात अँड्रॉइड अ‍ॅप, आणि रिपोर्टसाठी पायथनच्या वीस-पंचवीस स्क्रिप्ट. कोड लिहायला आयडीई लागतो, म्हणजे लिहिणं, तपासणं, चालवणं एकाच खिडकीत करून देणारं टूल, आणि आज जो तो आपल्या आवडीचं वापरतो. मालक म्हणतात, सगळ्यांनी एकच वापरा, शिकवायला सोपं जाईल आणि खर्चाचा हिशेबही एकच राहील. टीममधले दोघे अडून बसलेत की प्रत्येक भाषेला तिच्यासाठीच बनवलेलं टूल हवं, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. तुम्ही मध्ये अडकलायत आणि विचारताय, कोणाचं ऐकू?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असेल तर इथेच थांबता येईल. सर्व्हर आणि स्क्रीन लिहिणाऱ्यांना इंटेलिजे आयडियाचं (जेटब्रेन्स कंपनीचा आयडीई) पैसे भरून मिळणारं लायसन्स द्या. अँड्रॉइडवाल्याकडे अँड्रॉइड स्टुडिओ असणारच, त्याला पर्याय शोधू नका. पायथनवाल्याला हवं ते वापरू द्या, बहुधा तो मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर, व्हीएस कोडच म्हणेल. डेटाबेससाठी वेगळं टूल विकत घेऊ नका. आणि मालकांना जो एकसारखेपणा हवाय तो प्रत्येकाच्या स्क्रीनवर शोधत बसू नका, रिपॉझिटरीत, म्हणजे टीमचा सगळा कोड जिथे एकत्र राहतो तिथे, आणा. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली बरीचशी जावात गेली, आणि या शेवटच्या वाक्यापर्यंत यायला त्यातली निम्मी लागली. म्हणून पुढचं लांबण.

आमच्याकडे नारळ खवायचं काम माझं. कोकणातल्या घरची विळी तुम्ही पाहिली असेल: पाटाला बसवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. भाजी चिरा, मासे कापा, नारळ खवा, सगळं एकाच पाटावर बसून. दोन हत्यारं एकात, तरी कोणी म्हणत नाही की खवणी वेगळी हवी होती. कारण दोन्ही कामांची बैठक एकच आहे. पाट पायाखाली दाबायचा, दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि वस्तू पात्याकडे न्यायची. त्याच पाटाला कोणी पोळपाट जोडला असता तर त्यावर एकही पोळी धड लाटता आली नसती.

टूल एकत्र करावीत का, हे ठरवताना मी हेच बघतो: बैठक एक आहे का? इंटेलिजेचं उदाहरण घ्या. ते तुमच्या प्रोजेक्टमधली प्रत्येक फाइल वाचून तिचं झाड बनवतं, कुठलं नाव कुठे जन्मलं आणि कुठे कुठे वापरलं याची सूची करून ठेवतं. जावा, कोटलिन, टाइपस्क्रिप्ट (अँग्युलरची स्क्रीन हिच्यात लिहितात), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), सगळ्यांसाठी हीच यंत्रणा. म्हणून जेटब्रेन्सचं वेबसाठीचं वेबस्टॉर्म आणि डेटाबेससाठीचं डेटाग्रिप ही वेगळी विकली जाणारी टूल असली, तरी त्यांतलं जवळपास सगळं आयडियाच्या पैसेवाल्या लायसन्समध्ये येतं. पायथनचं प्लगइन (वरून जोडायचा भाग) टाकलं की पायचार्म या त्यांच्याच पायथनच्या टूलचा बराच भागही मिळतो. पण सी-शार्पसाठी त्याच कंपनीला रायडर वेगळं काढावं लागलं, कारण सी-शार्प समजणारं त्यांचं इंजिन आधीपासून डॉटनेटमध्ये लिहिलेलं होतं आणि आजही ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. सी प्लस प्लसला सीलायन वेगळं. एकाच कंपनीच्या घरात काही एकत्र नांदतात, काहींची चूल वेगळी. तुमच्या टीमला लागणाऱ्या गोष्टी नशिबाने एकत्र नांदणाऱ्यांपैकी आहेत. सी-शार्प असतं तर माझं उत्तर वेगळं झालं असतं.

हा वाद नवा नाही. १९८३ साली बोरलँडने टर्बो पास्कल काढलं तेव्हा लोक एडिटर एका कंपनीचा, कंपायलर (कोडचं मशिनच्या भाषेत भाषांतर करणारा) दुसरीचा, लिंकर (तुकडे जोडणारा) तिसरा असा संसार करत होते. एकातून बाहेर पडायचं, दुसऱ्यात शिरायचं, चूक दिसली की परत पहिल्यात. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या त्या टूलने एडिटर आणि कंपायलर एका फाइलमध्ये आणले. ती फाइल ४० किलोबाइटपेक्षा लहान आणि किंमत ४९.९५ डॉलर. चूक असेल तिथे कर्सर आपोआप जाऊन उभा राहायचा. ‘सगळं एकाच ठिकाणी’ याचं आकर्षण लोकांना लागलं ते तेव्हापासून, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच घराण्यातलं टर्बो सी प्लस प्लस आमच्या पिढीने कॉलेजच्या लॅबमध्ये वापरलं. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं. आम्हाला सी भाषा शिकवली जातेय असं आम्ही समजत होतो, प्रत्यक्षात शिकत होतो ते टूल. माझा पहिला धक्का अजून आठवतो: २०० गुणिले २०० केलं आणि उत्तर आलं उणे २५,५३६. सर म्हणाले, कॉम्प्युटर बिघडलाय, पलीकडच्या मशिनवर बस. पलीकडचं मशिनही तेवढंच बिघडलेलं निघालं! खरं कारण साधं होतं. त्या टूलमध्ये पूर्णांक १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा, तेच उत्तर मिळेल. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर लिनक्सवर क्लिअर-स्क्रीनची आज्ञा चालेना तेव्हा मला वाटलं, इथला कंपायलर अर्धवट आहे. अर्धवट मी होतो. ती आज्ञा भाषेची नव्हतीच, त्या एका टूलची होती. सी प्लस प्लस भाषेचं १९९८ चं प्रमाणीकरण होऊन गेल्यावरही वर्षानुवर्षं कित्येक लॅबमध्ये तीच निळी स्क्रीन चालू राहिली. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी आजही विचारतो, ‘बटण न दाबता हा प्रोग्राम चालवून दाखव.’ बरेच जण गडबडतात.

एक टूल सक्तीचं करण्यातला हा धोका मालकांच्या हिशेबात धरला जात नाही. माणूस टूलच्या आत राहायला लागतो आणि टूल म्हणजेच काम असं त्याला वाटू लागतं.

आता ‘सर्वांसाठी एकच मंच’ या कल्पनेचा सगळ्यात मोठा प्रयोग. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये आयबीएमने इक्लिप्स मुक्त केलं. इक्लिप्सचं स्वतःबद्दलचं वर्णनच होतं की हे कशासाठीही चालेल, खास असं कशासाठीच नाही. सगळं काही प्लगइन. जावासुद्धा प्लगइन. ती कल्पना खरोखर चालली. दहा-बारा वर्षं निम्म्याहून जास्त जावावाले त्यातच राहत असतील असा माझा आपला अंदाज, आजूबाजूची टेबलं बघून केलेला. पण २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केलं, इंटेलिजेच्या पायावर, आणि इक्लिप्सवरच्या अँड्रॉइड टूलचा आधार २०१५ अखेर काढून घेतला. एका कामासाठी घडवलेलं हत्यार जिंकलं.

गंमत म्हणजे इक्लिप्समध्ये जावाचा भाग उभारणाऱ्यांत जे प्रमुख होते, ते एरिक गामा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्याच टीमने २०१५ मध्ये व्हीएस कोड आणला. पुन्हा एकदा ‘सगळ्यांसाठी एक’, पण या वेळी धडा घेऊन. एडिटर भाषा समजण्याच्या भानगडीत पडतच नाही. ते काम तो शेजारी चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवतो. ‘या नावाची व्याख्या कुठे आहे?’ असा निरोप जातो, उत्तर येतं. त्या निरोपांची भाषा २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, तिला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल म्हणतात. त्याआधी दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोडण्या लिहाव्या लागायच्या, आता तीस पुरतात. व्हिम या जुन्या, कीबोर्डवरच चालणाऱ्या एडिटरच्या नव्या अवतारात, निओव्हिममध्ये, हे २०२१ पासून अंगभूत आहे, तसल्याच जुन्या ईमॅक्समध्ये २०२३ पासून. म्हणजे तुमच्या टीममध्ये व्हिमवर जीव असलेला कोणी असेल (प्रत्येक टीममध्ये एक असतोच), तर त्याला आज मागासलेला म्हणायचं कारण उरलेलं नाही.

आणि व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचं जावाचं एक्स्टेन्शन टाकलंत की खाली कोण धावतं माहितीय? इक्लिप्स. त्याचा जावा समजणारा गाभा बिनचेहऱ्याने मागे चालू असतो. ‘आम्ही ते जड इक्लिप्स सोडून हलक्या व्हीएस कोडवर आलो’ असं कोणी म्हणालं की मी टास्क मॅनेजर उघडायला सांगतो. त्या मागच्या प्रोसेसला दोन गिगाबाइटपर्यंत हीप (मेमरी) घ्यायची मुभा असते. इंटेलिजेचा आकडाही मुळात तेवढाच. वर अँग्युलरचा सर्व्हर वेगळा, पायथनचा वेगळा. एडिटर हलका आहे हे खरं, पण बिऱ्हाड पाठीवरच असतं.

या रचनेची खरी मर्यादा वजनाची नाही. प्रत्येक लँग्वेज सर्व्हरला आपली भाषा पक्की येते. शेजारच्या भाषेत काय चाललंय हे त्याच्या गावीही नसतं. आणि तुमच्यासारख्या प्रोजेक्टमध्ये बग राहतात ते भाषांच्या हद्दीवर. हे जरा जवळून दाखवतो, कारण टूल निवडायचा माझा सगळा हिशेब इथेच ठरतो.

आमची टीम औषध वितरकांसाठी बिलिंग करते. एका एंटिटीमध्ये (डेटाबेसच्या तक्त्याशी जोडलेला जावाचा क्लास) ‘एक्स्पायरी’ नावाचं फील्ड होतं. आमच्या एका दोन वर्षं अनुभवाच्या मुलाला ते नाव अपुरं वाटलं, म्हणून त्याने ते ‘एक्स्पायरीडेट’ (इंग्रजीत मधला डी मोठा) केलं. चांगली सवय आहे, मी त्याला रागावलो नाही. तो व्हीएस कोडवर होता. एफ-टू दाबलं, नाव बदललं, जावामधल्या सगळ्या ठिकाणी अचूक बदललं. कंपाइल झालं, टेस्टही हिरव्या.

आता एकेक हद्द बघा. पहिली, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. स्प्रिंगमध्ये डेटाबेसशी बोलणाऱ्या इंटरफेसवर अ‍ॅनोटेशनमध्ये लिहिलेली क्वेरी जावाच्या दृष्टीने निव्वळ अवतरणचिन्हांतला मजकूर. नुसत्या जावाच्या एक्स्टेन्शनने तिला हात लावला नाही. इथे निदान सर्व्हर सुरू होतानाच स्प्रिंगने बोंब मारली आणि त्याने ती हाताने दुरुस्त केली. इंटेलिजेच्या पैसेवाल्या आवृत्तीला त्या मजकुरात क्वेरी आहे आणि त्यातला शब्द म्हणजे हेच फील्ड, हे कळतं. तिथे नाव बदललं असतं तर क्वेरीही सोबत बदलली असती.

दुसरी हद्द डेटाबेसची, आणि ही वाईट. फील्डवर कॉलमचं नाव स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी स्प्रिंग बूट फील्डच्या नावावरून कॉलमचं नाव बनवतं: मधलं मोठं अक्षर लहान करतं आणि त्याच्या आधी अंडरस्कोर घालतं. म्हणजे काल ‘एक्स्पायरी’ नावाचा कॉलम शोधणारा हायबरनेट (जावा आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषी) आज ‘एक्स्पायरी अंडरस्कोर डेट’ शोधू लागला. साध्या परिस्थितीत ‘असा कॉलम नाही’ म्हणून तो आपटला असता आणि आम्ही वाचलो असतो. पण टेस्ट सर्व्हरवर स्कीमा (तक्त्यांची रचना) आपोआप अद्ययावत करण्याची सेटिंग कोणीतरी (तपास केला, मीच) चालू ठेवली होती. हायबरनेटने निमूटपणे नवा रिकामा कॉलम बनवला. जुन्या तारखा जुन्या कॉलममध्ये सुरक्षित, आणि स्क्रीनवर सगळ्या औषधांची मुदत कोरी.

तिसरी हद्द जेसनची, म्हणजे सर्व्हरकडून स्क्रीनकडे डेटा ज्या रूपात जातो त्याची. ते बनवणारा जॅक्सन फील्डच्या नावावरून किल्लीचं नाव ठरवतो, तेही बदललं. अँग्युलरमध्ये आम्ही इंटरफेस हाताने लिहिला होता, त्यात जुनंच नाव. टाइपस्क्रिप्टला वाटलं सगळं ठीक आहे, कारण त्याच्यापुरतं ठीकच होतं. त्यामुळे डेटाबेस दुरुस्त केल्यावरही स्क्रीन कोरीच राहिली आणि अर्धा तास आम्ही चुकीच्या जागी शोधत बसलो. चौथी हद्द पायथनची एक रिपोर्ट स्क्रिप्ट, जी थेट कॉलमच्या नावाने वाचायची. ती जुन्या कॉलमवर मजेत चालू होती, आणि आठवडाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही की नव्या नोंदींच्या तारखा तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

चार हद्दींपैकी चांगलं एकसंध टूल पहिली सांभाळतं. दुसरीत ते डेटाबेसला जोडलेलं असेल तर कॉलम सापडत नाही म्हणून लाल रेघ दाखवतं, तुम्ही बघितली तर. तिसरी आणि चौथी कुठलंच टूल सांभाळत नाही, कितीही पैसे मोजा. तिसरीचा इलाज आम्ही असा केला की सर्व्हर काय देतो-घेतो याच्या ओपन-एपीआय वर्णनातून टाइपस्क्रिप्टचे इंटरफेस आपोआप बनवायचे. आता नाव बदललं की अँग्युलरचं बिल्डच मोडतं. दुसरीचा इलाज: स्कीमा बदल फक्त फ्लायवे नावाच्या टूलच्या स्क्रिप्टमधून, आणि हायबरनेटला फक्त तपासायची परवानगी. चौथीसाठी स्क्रिप्टना डेटाबेसमधल्या एका व्ह्यूमधून (साठवून ठेवलेली क्वेरी) वाचायला लावलं. यातला एकही इलाज आयडीईत राहत नाही, तिन्ही रिपॉझिटरीत आहेत.

म्हणून तुमच्या सर्व्हर-स्क्रीनवाल्यांना मी एकसंध टूल सुचवतोय. त्यांचा दिवस हद्दींवर जातो. पायथनवाल्याचा दिवस एका भाषेच्या एका फाइलमध्ये जातो, त्याला महागडं टूल देऊन त्याच्या आयुष्यात फार फरक पडणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओ इंटेलिजेच्याच पायावर असल्यामुळे शॉर्टकटही तेच. शिफ्ट दोनदा दाबलं की शोध, दोन्हीकडे. मालकांना हवी ती ‘शिकवायची सोय’ सातातल्या बहुतेकांना अशीच मिळून जाते.

सक्तीचा माझा अनुभव मात्र कडू आहे, तोही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे वरच्यांनी ठरवलं की सगळ्या टीमसाठी एकच मंच. नुसता आयडीई ठरवला असता तर निभावलं असतं. त्यांनी एका आयडीईवर स्वतःचा थर चढवला. स्क्रीन काढायचं विझार्ड, रिपोर्टचं विझार्ड, डिप्लॉय करायचं बटण. फॉर्म कंपनीच्याच एका एक्सएमएलमध्ये साठवायचे, त्यातून जावा कोड बाहेर पडायचा. पहिल्या सहा महिन्यांत कमाल झाली. फ्रेशर दुसऱ्या दिवशी स्क्रीन काढायचा. मग तो थर लिहिणारे दोघे सोडून गेले. आयडीईची नवी आवृत्ती आली, थर तिच्यावर चढेना. म्हणून आयडीई जुना, म्हणून जावा जुनी. जग जावा ८ वर गेलं तरी आम्ही ६ वरच. सकाळी तो प्रकार चालू करून लोक चहाला जायचे, आणि परत येईपर्यंत कधी तो उघडलेला असायचा, कधी नसायचा. शेवटी तो मंच काढायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात अर्धं सॉफ्टवेअर नव्याने लिहून झालं असतं. आम्हाला गिळलं ते त्या डिप्लॉयच्या बटणाने. बटणामागे नक्की काय घडतं हे कोणालाच येत नव्हतं, आणि बटणाशिवाय बिल्ड करायचा रस्ताच ठेवला नव्हता.

टूल कोणाच्या मालकीचं, हेही थोडं बघून ठेवा. व्हीएस कोडचा मूळ कोड मुक्त आहे, पण मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेन्शनांचं दुकान आणि तिची काही एक्स्टेन्शनं नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन व्हीएस कोडवरून बनवलेल्या इतर एडिटरमध्ये चालेनासं झालं तेव्हा अनेकांना परवान्यातला तो मजकूर पहिल्यांदा वाचावा लागला. आणि टूल मरतात, दोन्ही जातींची. गिटहबचा अ‍ॅटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. आयफोनवाल्यांसाठीच बनवलेलं अ‍ॅपकोड जेटब्रेन्सने त्याच महिन्यात विकायचं थांबवलं. मॅकसाठीचा व्हिज्युअल स्टुडिओ ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त. जेटब्रेन्सने २०२१ मध्ये फ्लीट नावाने सर्व भाषांसाठी एकच हलका एडिटर जाहीर केला होता, तोही २०२५ च्या डिसेंबरमध्ये गुंडाळला. इंटेलिजेची जागा त्याला घेता आली नाही आणि स्वतःची वेगळी जागाही सापडली नाही. खास टूल बनवण्यात मुरलेल्या कंपनीला सर्वांसाठीचं टूल जमलं नाही, यावरून काय घ्यायचं ते घ्या. मी एवढंच घेतो की प्रोजेक्टची कुठलीही गोष्ट एखाद्या आयडीईच्या सेटिंग फाइलमध्येच राहता कामा नये.

आता रिपॉझिटरीत काय आणायचं. मेव्हन हे जावाचं बिल्ड करणारं टूल, त्याचा रॅपर कमिट करा, म्हणजे प्रत्येकाकडे मेव्हनची तीच आवृत्ती. कोड सजवायचं काम आयडीईकडून काढून घ्या आणि बिल्डला द्या: जावासाठी स्पॉटलेस, अँग्युलरसाठी प्रिटियर, पायथनसाठी रफ. एडिटरकॉन्फिगची फाइल मुळाशी ठेवा. इंटेलिजे ती आपोआप वाचतं, व्हीएस कोडला छोटं एक्स्टेन्शन लागतं. ओळीच्या शेवटाचा नियम गिटच्या अ‍ॅट्रिब्यूट फाइलमध्ये लिहा. हा नियम नव्हता तेव्हा आमच्याकडे एका विंडोजवाल्याने एक ओळ बदलली आणि रिव्ह्यूमध्ये फाइलच्या नऊशेच्या नऊशे ओळी बदललेल्या दिसल्या. रिव्ह्यू करणाऱ्याने ‘छान’ लिहून मंजूर केलं, तो वेगळा विषय.

मुख्य नियम एकच ठेवा: माझ्या आयडीईत चालतं, हा पुरावा धरायचा नाही. सर्व्हरवर कमांडलाइनने बिल्ड झालं तरच झालं. हे उगाच म्हणत नाही. इक्लिप्सचा स्वतःचा जावा कंपायलर आहे, तो जेडीकेमधल्या, म्हणजे जावाच्या मूळ संचातल्या, कंपायलरपेक्षा वेगळा. जेनेरिक्सच्या काही गुंतागुंतीच्या जागी एक म्हणतो चालेल आणि दुसरा म्हणतो नाही. व्हीएस कोडमध्ये तोच कंपायलर मागे बसलेला असतो हे आता तुम्हाला माहीत आहे. एकाच टीममध्ये दोन आयडीई असतील तर निवाडा करायला तिसरा लागतो, आणि तो बिल्ड सर्व्हर. हे केलंत की कोण काय वापरतो हा प्रश्न मालकांच्या दृष्टीने निम्मा संपतो. नवीन मुलगा आला, कोरा लॅपटॉप दिला, क्लोन केलं, दोन आज्ञा चालवल्या आणि अर्ध्या तासात सर्व्हर उभा राहिला, तर एकसारखेपणा आला असं समजा. तो राहिला नाही तर सगळ्यांच्या मशिनवर एकच आयडीई असूनही आलेला नाही. मालकांना हीच चाचणी दाखवा, लायसन्सची तुलना दाखवू नका.

पैशांबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. इंटेलिजे आता एकाच डाउनलोडमध्ये येतं, त्यातलं बरंच फुकट चालतं, खोलातलं स्प्रिंग आणि वेबचं काम वर्गणी भरल्यावर उघडतं. त्यामुळे आधी सगळ्यांना तेच बसवून द्या आणि महिन्याभराने ज्यांना खरंच अडतंय त्यांचीच वर्गणी भरा, सातही एकदम घेऊ नका. वर्षभराचे पैसे भरले की पैसे भरताना चालू असलेली आवृत्ती पुढे वर्गणी बंद केली तरी कायम वापरता येते. २०१५ मध्ये त्यांनी वर्गणीची पद्धत आणली तेव्हा वापरणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, त्यातून ही सोय पदरात पडली. आणि लायसन्स कंपनीच्या नावानेच घ्या. मुलांनी स्वस्तातलं वैयक्तिक लायसन्स घ्यायचं आणि कंपनीने मागून पैसे द्यायचे, ही आपल्याकडची लाडकी युक्ती त्यांच्या नियमात बसत नाही.

अडून बसलेल्या त्या दोघांचं काय? त्यांना विचारा, नेमकं कुठलं काम एकसंध टूलमध्ये जमत नाही ते बसून दाखवा. अमूक भाषा खोलवर कळत नाही अशी मोघम तक्रार नको, एखादा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवून बघायची जागा), एखादं रिफॅक्टरिंग (कोडची फेररचना), समोर. आमच्याकडे असं विचारल्यावर एकाने खरंच दाखवलं: पोस्टग्रेस एखादी क्वेरी कशी चालवणार याचा प्लॅन वाचायला त्याला पीएसक्यूएलचा (पोस्टग्रेसचं कमांडलाइनवरचं टूल) काळा पडदाच सोयीचा पडत होता. ते टूल फुकट आहे, डेटाबेससोबतच येतं, आणि त्याचा हात त्यावर बसलेला आहे. मी लगेच मान्य केलं. दुसऱ्याला दाखवता आलं नाही. त्याला फक्त रंगसंगती आवडत नव्हती, ती दोन मिनिटांत बदलून दिली.

आणि हे सगळं ठरायच्या आधी एक काम उरका. तुमचा अँड्रॉइडवाला कुठल्या लॅपटॉपवर काम करतोय ते बघा. स्टुडिओ, ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड करणारं टूल), एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन), ब्राउझर आणि शेजारी तपासायला चालू ठेवलेला तुमचा स्प्रिंगचा सर्व्हर हे सगळं ८ जीबीत कोंबत असेल, तर टूलचा वाद बाजूला ठेवून आधी त्याला ३२ जीबी द्या. तो बिचारा बोलला नसेल.